एक पुस्तक, दोन वाटा : कॅथलिक पदवी आणि आपले माकूलात

नाशिकच्या कॉलेज रोड परिसरात, डॉन बॉस्को मार्गावर 'दिव्यदान' नावाची एक संस्था आहे. सेल्शियन या कॅथलिक संघाची ही तत्त्वज्ञान शिकवणारी संस्था. पुढे फादर होऊ इच्छिणारे तरुण इथे राहून शिकतात. रोमच्या सेल्शियन पाँटिफिकल विद्यापीठाशी ती संलग्न आहे आणि तत्त्वज्ञानाची पदवी त्या विद्यापीठाच्या नावाने मिळते. ही चर्चची पदवी आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाची नव्हे. बाहेरच्या माणसाची समजूत अशी असते की, धर्मगुरू व्हायला आलेल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवसापासून बायबल आणि त्यावरचे भाष्यच पडत असेल. प्रत्यक्षात चर्चचा नियम वेगळा आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार भावी पाद्र्याने धर्मशास्त्राच्या चार वर्षांखेरीज किमान दोन पूर्ण वर्षे तत्त्वज्ञान शिकलेच पाहिजे. २०११ मध्ये रोमने हुकूम काढून तत्त्वज्ञानाच्या पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला. तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा, सत्ताशास्त्र, नीतिशास्त्र, ग्रीकांपासून आजपर्यंतच्या तत्त्वज्ञानाचा इतिहास, आणि आपल्याकडे भारतीय दर्शने, हे सगळे आधी. ईश्वराबद्दलचे शास्त्र त्यानंतर.

याच जिल्ह्यात, मुंबई-आग्रा रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर मालेगाव आहे. यंत्रमागांचे गाव, तसेच मदरशांचेही गाव. दर्स-ए-निजामीच्या परंपरेत शिकणारा तालिब-ए-इल्म सर्फ आणि नह्व, म्हणजे अरबी व्याकरण, पार करून मन्तिककडे वळतो, तेव्हा त्याच्यापुढे 'ईसागोजी' नावाचे एक छोटे पुस्तक येते. तेराव्या शतकातल्या असीरुद्दीन अबहरी यांचे हे पुस्तक. पण त्याचे नाव अरबी नाही. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने अॅरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राची ओळख करून देण्यासाठी एक ग्रीक पुस्तिका लिहिली होती. तिचे नाव 'आयसागोगी', म्हणजे 'प्रवेश'. अबहरींनी नावही तेच ठेवले आणि तर्काची सुरुवातही तिथूनच केली. जिन्स, नौअ, फस्ल, खास्सा, अर्ज-ए-आम या ज्या पाच संज्ञा मदरशातला मुलगा पाठ करतो, त्या पॉर्फिरीच्या पाच संज्ञा आहेत. नाशिकच्या वर्गात तर्कशास्त्राची उजळणी होते, तेव्हा त्याच पाच संज्ञा लॅटिनमधून आलेल्या नावांनी येतात.

एका जिल्ह्यातली ही दोन मुले एकमेकांना ओळखत नाहीत. एकाच जुन्या पुस्तकाच्या दोन शाखांवर आपण बसलो आहोत, हेही त्यांना कोणी सांगत नाही. त्यातल्या एका मुलाचा अभ्यास त्या पुस्तकापासून पुढे चालत आजच्या जगापर्यंत येतो. दुसऱ्याचा अभ्यास बहुतेक वेळा तिथेच थांबतो. असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे. आणि तो केवळ मदरशापुरता नाही. जो आपल्या मुलाला 'बी.ए. करून काय करणार?' असे विचारतो, त्या प्रत्येक बापाचा तो प्रश्न आहे.

सात कला आणि आपली मदरसा

ज्याला आज कला शाखेची पदवी म्हणतात, तिच्यातला 'कला' हा शब्द चित्रकलेचा किंवा गाण्याचा नाही. रोमन काळात गुलामाने करायची कामे वेगळी आणि स्वतंत्र माणसाने शिकायच्या विद्या वेगळ्या मानत. त्या स्वतंत्र माणसाच्या विद्या सात ठरल्या : व्याकरण, तर्क, वक्तृत्व या भाषेच्या तीन, अंकगणित, भूमिती, खगोल, संगीत या गणिताच्या चार. मध्ययुगीन युरोपच्या विद्यापीठांत या विद्यांची शाखा म्हणजे आर्ट्स. सहाव्या शतकात बोएथियसने पॉर्फिरीची पुस्तिका लॅटिनमध्ये आणली आणि ती या अभ्यासाचे पहिले पाऊल ठरली.

आपल्याकडची मांडणी आठवून पाहा. सर्फ, नह्व, मन्तिक, बलागत. म्हणजे पुन्हा व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. त्यापुढे हिसाब, उक्लीदसची भूमिती आणि हय्यत, म्हणजे खगोल. उलेमा या सर्व विद्यांचे दोन भाग करीत : माकूलात, म्हणजे अक्कलेने कळणाऱ्या, आणि मनकूलात, म्हणजे परंपरेने पोचलेल्या, कुरआन, हदीस, फिकह यांच्याशी संबंधित. पूर्ण आलिम तो, ज्याला दोन्ही येतात.

हे साम्य योगायोगाचे नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथ अरबीत आले, तेव्हा भाषांतर करणाऱ्यांत सिरियाक भाषा जाणणारे ख्रिस्ती विद्वान मोठ्या संख्येने होते. त्यांचा अग्रणी हुनैन इब्न इस्हाक (८०९-८७३) हा नेस्टोरियन ख्रिस्ती होता. ज्यांना 'मुअल्लिम-ए-सानी', म्हणजे अॅरिस्टॉटलनंतरचे दुसरे गुरू म्हणतात, त्या अल-फाराबींनी तर्कशास्त्र शिकले ते युहन्ना इब्न हैलान या ख्रिस्ती शिक्षकाकडे. खलिफांच्या काळात मुसलमान ख्रिस्त्याकडून शिकत होता आणि त्यात कोणाला ईमान धोक्यात आल्यासारखे वाटत नव्हते.

टोलेडोहून पॅरिसला

उलटा प्रवास दोन-तीन शतकांनी झाला. १०८५ मध्ये स्पेनमधले टोलेडो शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले. तिथल्या अरबी ग्रंथांच्या शोधात युरोपचे विद्वान येऊ लागले. क्रेमोनाचा जेरार्ड हा त्यातला एक. ११८७ मध्ये तो मरण पावला, तोवर त्याने सत्तरहून अधिक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेले होते. इब्न सीना (९८०-१०३७) तिकडे अॅव्हिसेना झाले. कुर्तुबाचे काझी इब्न रुश्द (११२६-११९८) अॅव्हरोझ झाले.

इमाम गझालींच्या बाबतीत एक गंमत घडली. त्यांनी आधी 'मकासिद अल-फलासिफा' हा ग्रंथ लिहून तत्त्वज्ञांची मते नीट मांडली आणि मग 'तहाफुत अल-फलासिफा'मध्ये त्यांचे खंडन केले. टोलेडोत पहिला ग्रंथ भाषांतरित झाला. पण हे माझे मत नाही, विरोधकांचे आहे, असे सांगणारी प्रस्तावना बहुतेक वाचकांपर्यंत पोचली नाही. त्यामुळे युरोपमधले पंडित कित्येक वर्षे गझालींना इब्न सीनांचे निष्ठावान शिष्य समजत राहिले!

हे ग्रंथ पॅरिसला पोचले, तेव्हा चर्चने त्यांचे स्वागत केले, असे समजण्याचे कारण नाही. १२१० मध्ये पॅरिसमध्ये अॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ आणि त्यांवरची भाष्ये शिकवण्यावर बंदी आली. पण १२५५ पर्यंत त्याच विद्यापीठाच्या कला शाखेने अॅरिस्टॉटलचे ग्रंथ आपल्या अभ्यासक्रमात घेतले होते. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपने पुन्हा २१९ विधाने निषिद्ध ठरवली. त्यातली बरीच इब्न रुश्द यांच्या अनुयायांची समजली जात. तरीही अभ्यास थांबला नाही.

याच काळात थॉमस अॅक्विनास (१२२५-१२७४) लिहीत होता. इटलीतल्या नेपल्सच्या विद्यापीठात त्याचे कला शाखेचे शिक्षण झाले होते. एखादी वस्तू 'काय आहे' हा एक प्रश्न आणि ती 'आहे का' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कळले म्हणून दुसऱ्याचे कळत नाही. माहियत आणि वजूद यांतला हा भेद इब्न सीनांनी स्पष्ट केला आणि अॅक्विनासने तो आपल्या ईश्वरविचाराचा पाया केला. इब्न रुश्द यांना तो नावानेही क्वचितच हाक मारतो. 'भाष्यकार' एवढेच म्हणतो, जसे अॅरिस्टॉटलला नुसते 'तत्त्वज्ञ' म्हणतो. सर्व मानवजातीची बुद्धी एकच, या इब्न रुश्द यांच्या मताविरुद्ध त्याने १२७० मध्ये एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. विरोध केला, पण वाचून केला. त्यांचे म्हणणे पूर्ण मांडून मग केला. म्हणूनच आज नाशिकमध्ये असो की रोममध्ये, अॅव्हिसेना आणि अॅव्हरोझ टाळून अॅक्विनास शिकवताच येत नाही.

इब्न रुश्द यांच्या स्वतःच्या मुलखात काय झाले? ११९५ मध्ये त्यांना कुर्तुबाजवळच्या लुसेना गावी हद्दपार केले गेले आणि त्यांचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले गेले. मृत्यूआधी त्यांच्यावरची खप्पामर्जी दूर झाली खरी. पण पुढे आपल्या परंपरेत त्यांची 'बिदायतुल मुजतहिद' ही फिकहची किताब टिकली. भाष्यकार इब्न रुश्द मात्र लॅटिन आणि हिब्रू वाचकांकडे जगले.

बंदी दोन्हीकडे, मग फरक कुठे?

आपल्याकडे सोपे उत्तर देण्याची सवय आहे : गझालींनी तत्त्वज्ञान मारले. हे उत्तर चूक आहे. 'अल-मुस्तस्फा' या उसूल-ए-फिकहच्या ग्रंथाच्या आरंभी गझालींनीच असे म्हटले आहे की, ज्याला तर्कशास्त्र येत नाही, त्याच्या इल्मचा भरवसा धरता येत नाही. मन्तिक मदरशात रुजले ते बऱ्याच अंशी त्यांच्या या भूमिकेमुळे. दुसरे सोपे उत्तर म्हणजे, चर्च उदार होते. तेही चूक. ज्या कार्डिनल सिस्नेरोसने स्पेनमध्ये अल्कालाचे प्रसिद्ध विद्यापीठ उभारले, त्यानेच पंधरावे शतक संपता संपता ग्रनाडाच्या चौकात अरबी ग्रंथांची होळी केली. वैद्यकाची पुस्तके तेवढी वाचवून आपल्या विद्यापीठासाठी नेली. आणि आपल्या शेजारच्या गोव्यात १५६० पासून चाललेल्या इन्क्विझिशनची आठवण कोकणी माणसाला करून द्यायची गरज नाही.

माझ्या मते फरक माणसांच्या मनात कमी आणि संस्थेच्या रचनेत जास्त होता. पॅरिसच्या विद्यापीठात कला शाखा हे धर्मशास्त्राचे दार होते. १२१५ च्या नियमांनुसार कला शाखेत शिकवण्यासाठीसुद्धा सहा वर्षांचा अभ्यास आणि किमान एकवीस वर्षे वय लागे. सर्वसाधारण विद्यार्थ्याला या दारातूनच पुढे जावे लागे. त्यामुळे एखाद्या बिशपने एखाद्या ग्रंथावर बंदी घातली, तरी दार बंद करता येत नव्हते. ते बंद झाले असते, तर धर्मशास्त्राचा पुरवठाच थांबला असता. आपल्याकडे जॉर्ज मक्दिसी या अभ्यासकाने १९८१ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे मदरसा हा वक्फवर चालणारा आणि मुख्यतः फिकह शिकवणारा होता. फलसफा शिकला जाई तो उस्तादाच्या घरी, दवाखान्यात, दरबारात. युरोपच्या कॉलेजची कल्पनाच मदरशावरून आली, हे मक्दिसींचे पुढचे म्हणणे सर्वांना मान्य नाही. पण फलसफ्याला वक्फचा आधार नव्हता, हे म्हणणे महत्त्वाचे आहे. दरबार टिकला, तोवर फलसफा टिकला.

विजापूर ते फिरंगी महल

हिंदुस्थानात हे फार स्पष्ट दिसते, आणि त्याची सुरुवात आपल्या दख्खनमध्ये होते. इराणच्या शिराझमधून फतहुल्ला शिराझी हे माकूलातचे मोठे पंडित अली आदिलशहाच्या निमंत्रणावरून विजापूरला आले. १५८३ मध्ये ते अकबराच्या दरबारी गेले. इराणी तत्त्वज्ञांची पुस्तके उत्तरेच्या अभ्यासक्रमात येण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. योगायोग असा, की त्याआधी तीनच वर्षे, १५८० मध्ये, गोव्याहून जेझुइट पाद्र्यांचे पहिले पथक फतेहपूर सिक्रीला पोचले होते. इबादतखान्यात उलेमा आणि पाद्री वाद घालत, तेव्हा वाद कडाक्याचे होत; पण प्रमाण, व्याख्या, अनुमान ही दोन्ही पक्षांची हत्यारे एकाच कारखान्यातली होती.

फतहुल्लांनी वाढवलेल्या या परंपरेतून अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी अभ्यासक्रमाला शिस्त लावली. तोच दर्स-ए-निजामी. एका युरोपियन व्यापाऱ्याचे जुने घर औरंगजेबाने या कुटुंबाला दिले होते. म्हणून नाव फिरंगी महल. या अभ्यासक्रमात मन्तिक आणि हिकमतच्या पुस्तकांची संख्या मोठी होती : ईसागोजी, कुत्बी, सुल्लमुल उलूम, सदरा, शम्स-ए-बाजिगा. कारण त्यातून काझी, मुफ्ती आणि राज्यकारभाराचे अधिकारी तयार व्हायचे होते. वाद ऐकून निवाडा करणाऱ्याला तर्क लागतोच.

मग राज्य गेले. १८३७ मध्ये कंपनी सरकारने कचेऱ्यांतून फारसी हटवली. १८५७ नंतर दिल्लीही गेली. माकूलातला नोकरी देणारा कोणी उरला नाही. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा स्थापन झाला, तो सरकारी मदतीशिवाय, गोरगरिबांच्या चंद्यावर. त्याचे हे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्या धुरीणांपैकी मौलाना रशीद अहमद गंगोही (मृत्यू १९०५) यांना फलसफ्याची पुस्तके निरुपयोगी वाटत आणि ती कमी करण्याकडे त्यांचा कल होता. हदीसला अग्रस्थान मिळाले. मन्तिकची काही पुस्तके राहिली, पण ज्या तत्त्वज्ञानासाठी ती हत्यारे घडवली होती, ते मागे पडले. १८७५ मध्ये अलिगढला सर सय्यद यांचे कॉलेज निघाले आणि तिथे नव्या विद्या आल्या. म्हणजे मनकूलात एका गावी आणि नवे माकूलात दुसऱ्या गावी, अशी वाटणी झाली. आलिम आणि ग्रॅज्युएट ही दोन वेगळी माणसे झाली आणि दोघे एकमेकांवर शंका घेऊ लागले. ही वाटणी अजून संपलेली नाही.

त्याच वर्षांत रोम आणि मुंबई

याच सुमारास कॅथलिक जगही पराभूत होते. १८७० मध्ये इटलीच्या फौजांनी रोम घेतले आणि पोपचे हजार वर्षांचे राज्य संपले. नव्या विज्ञानाने आणि नव्या राष्ट्रवादाने चर्चची कोंडी केली होती. आपली आणि त्यांची स्थिती त्या वेळी फारशी वेगळी नव्हती. ४ ऑगस्ट १८७९ रोजी पोप तेरावे लिओ यांनी एक आज्ञापत्र काढले. त्यात आधुनिकतेचे स्वागत नव्हते. उलट तटबंदीच होती. पण तटबंदी कशाची? अॅक्विनासच्या तत्त्वज्ञानाची. सेमिनरींनी तत्त्वज्ञान पुन्हा मुळापासून शिकवावे, असा तो आदेश होता. पराभवाच्या काळात एका समाजाने तत्त्वज्ञान अनावश्यक म्हणून कमी केले आणि दुसऱ्याने तेच बळकट केले. १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पोपची सेमिनरी पुण्याला आली. पुढे नाशिकला दिव्यदान आले. १९८७ मध्ये नाशिकचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले, तेव्हा त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव हे मराठी जेझुइट होते. ही सगळी त्या आदेशाची पुढची पाने आहेत.

दुसरी शाखा कॉलेजांची. जेझुइट संघ १५४० मध्ये स्थापन झाला, १५४८ मध्ये त्यांचे पहिले कॉलेज सिसिलीत मेसिना इथे निघाले आणि १५९९ मध्ये त्यांनी सर्व कॉलेजांसाठी एकच अभ्यासपद्धती छापली. भाषा आणि वाङ्मय आधी, मग तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र, असा तिचा क्रम. या परंपरेत वाढलेल्या जर्मन जेझुइटांनी १८६९ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज काढले. पदवी मुंबई विद्यापीठाची, शिक्षक पाद्री, विद्यार्थी सर्व धर्मांचे. बिगरख्रिस्ती विद्यार्थ्यावर धर्मशास्त्राची पायरी लादली नाही. खालच्या पायऱ्या मात्र सर्वांना खुल्या होत्या.

तिथे शिकलेल्या तीन मुसलमान विद्यार्थ्यांची नावे पुरेशी बोलकी आहेत. एम. सी. छागला (१९००-१९८१) झेवियर्समधून ऑक्सफर्डला गेले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि १९६३ ते १९६६ केंद्रीय शिक्षणमंत्री झाले. माथेरानला जन्मलेले आसफ अली असगर फैजी (१८९९-१९८१) झेवियर्समधून केंब्रिजला गेले. त्यांचे मुस्लिम कायद्यावरचे १९४९ चे पुस्तक आजही वकिलांच्या कपाटात असते. आधुनिक इल्म घेतलेल्या या माणसाने काझी नुमान यांच्या 'दआइमुल इस्लाम' या दहाव्या शतकातल्या अरबी फिकह-ग्रंथाची संहिता संपादित केली. अलिगढ आणि देवबंद यांच्यात जी दरी होती, ती फैजींच्या टेबलावर नव्हती. तिसरे सलीम अली (१८९६-१९८७). ब्रह्मदेशातून परतल्यावर ते दावर्स कॉलेजात व्यापाराचे शिक्षण घेत होते. झेवियर्सचे फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा खरा ओढा ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. एका पाद्र्याने एका बोहरा तरुणाला चर्चकडे नेले नाही, पक्ष्यांकडे नेले.

मिशनऱ्यांच्या कॉलेजात मुलगा बाटेल, ही भीती त्या काळी घराघरांत होती. ती निराधार होती, असे मी म्हणणार नाही. धर्मांतर हा मिशनच्या कामाचा भाग होताच. पण या तिघांपैकी कोणी ख्रिस्ती झाला नाही. त्यांना तिथे मिळाला तो वाचण्याचा, पुरावा तपासण्याचा आणि विरोधी मत न रागावता मांडण्याचा सराव. त्याच कॉलेजात स्पॅनिश जेझुइट हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधनाची संस्था काढली आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मूळ साधनांवर काम करायला लावले.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. हे तिघेही मुंबईच्या खोजा-बोहरा समाजांतल्या सुस्थित घरांतले होते. त्या काळच्या नाशिकच्या जुन्या वस्तीतला बागवान, येवल्याचा विणकर किंवा मालेगावचा मोमीन यांच्यापर्यंत ही पदवी पोचली नाही. नाशिकमध्ये कला शाखेचे कॉलेजच १९२४ मध्ये आले, ते गोखले एज्युकेशन सोसायटीचे, आजचे एच.पी.टी. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलाला मुंबई-पुण्याचा खर्च करावा लागे. तो करणारे आपल्यात किती होते?

आपल्या दारातला प्रश्न

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दोन आकडे दिले. शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी साधारण तीन टक्केच मदरशात जातात. आणि वीस वर्षांवरच्या लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असणारे देशभरात सुमारे सात टक्के असताना मुसलमानांत चार टक्क्यांहून कमी होते. पहिला आकडा सांगतो की, आपल्या मागासलेपणाचा सगळा दोष मदरशाला देणे अन्यायाचे आहे. दुसरा सांगतो की, उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांचेही आपण काही भले केलेले नाही.

आणि जे थोडे पुढे जातात, ते काय शिकतात? डी.एड., आय.टी.आय., फार्मसी, युनानी, जमल्यास इंजिनिअरिंग. पोटापाण्यासाठी हे सगळे हवेच. गरिबाला तत्त्वज्ञानाचा उपदेश करणे सोपे असते. पण कला शाखा ही कुठेच प्रवेश न मिळालेल्यांची जागा, अशी जी समजूत आपल्या समाजात पक्की झाली आहे, तिची किंमत आपण मोजत आहोत. शरियत आणि राज्यघटना यांच्यावर वाद पेटतो, तेव्हा दोन्ही वाचलेला माणूस आपल्याकडे शोधावा लागतो. आपला इतिहास इतर लिहितात आणि तो एकांगी आहे, अशी तक्रार आपण करतो; पण मोडी आणि फारसी वाचून दफ्तरात बसणारा पोरगा आपण तयार करीत नाही. कोर्टात, वर्तमानपत्रात, विद्यापीठात आपली बाजू मांडायला जे लागते, ते बलागत आणि मन्तिकच आहे. तेच आपण सोडून दिले.

कॅथलिक समाजाकडून शिकायचे ते एवढेच : धर्माचे शिक्षण घेणाऱ्याने आधी विचार करण्याचे शिक्षण घेतले पाहिजे, हा नियम त्यांनी संस्थेच्या पायातच घातला. एखाद्या चांगल्या फादरच्या मर्जीवर तो सोडला नाही. आणि हा नियम आपल्याला परका नाही. माकूलात आणि मनकूलात दोन्ही येणारा तो आलिम, ही व्याख्या आपलीच आहे.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली मदरशांसाठी. ईसागोजी शिकवताच आहात, तर ती कुठून आली आणि पुढे कुठे गेली हेही शिकवा. इब्न रुश्द यांची 'फस्ल अल-मकाल' ही शरियत आणि हिकमत यांच्या नात्यावरची छोटी किताब आहे. एका सत्रात वाचून होते, आणि ती एका काझीने लिहिली आहे, हे विद्यार्थ्याला सांगा. दुसरी, मदरशातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकलाच आहे. इमामत किंवा शिकवणी सांभाळून बी.ए. करण्याची सोय दारात असताना ती घेणाऱ्याला मोहल्ल्याने फीची मदत करावी. जकातीतून गरीब विद्यार्थ्याला मदत करता येते का, हे आपल्या मुफ्तींना विचारावे. तिसरी आपल्यासाठी, मराठीत लिहिणाऱ्यांसाठी. फाराबी, इब्न सीना, गझाली, इब्न रुश्द यांच्याविषयी आपण उर्दूत अभिमानाने बोलतो, आणि ज्या मुलांची उर्दू सुटली आहे, त्या कोकणातल्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या, खानदेशातल्या मराठी मुसलमान मुलांच्या हाती काहीच देत नाही. त्यांच्यासाठी या ग्रंथांचे सरळ मराठी अनुवाद झाले पाहिजेत. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी कठीण अध्यात्म मराठी ओवीत सांगितले, तर आपल्याला मन्तिक मराठी गद्यात सांगता यायला हरकत नसावी.

बारावीचा निकाल लागला की, मालेगाव, येवला, नाशिक इथल्या घराघरांत पुन्हा तोच प्रश्न विचारला जाईल. एखादी मुलगी म्हणेल, मला इतिहास घ्यायचा आहे. एखादा मुलगा म्हणेल, मला तत्त्वज्ञान वाचायचे आहे. तेव्हा 'त्याने काय होते?' म्हणून त्यांना गप्प बसवू नका. कुर्तुबाच्या काझीचे पुस्तक परक्यांनी सांभाळले, ही गोष्ट आठवा, आणि या मुलांना प्रवेशाचा अर्ज भरून द्या.